माझा एकुलता एक पहिला नंबर

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी सायकलच्या शर्यतीत पहिली आले. "बायकांत का?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं, की बायकांत मी एकटीच असते, तिथे मी कायमच पहिली. ही सगळ्यांत पहिली. अकरा जणांत. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि त्याआधीचे पाच रविवार न चुकता शेवटची आल्यानंतर.

ऐकणाऱ्याला धक्का बसायचा. मला बसलेला धक्का तर आठवडाभर उतरलाच नाही.

मी डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढते. बावीस वर्षं झाली. "श्वास घ्या, धरा, सोडा" हे दिवसातून चाळीस-पन्नास वेळा बोलायचं, आणि मधल्या वेळात फिल्मवर नंबर टाकायचे. खोलीला खिडकी नाही. संध्याकाळी बाहेर पडले की दिवसभर ऊन होतं की ढग, हे रिक्षावाल्याला विचारावं लागतं. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला बांधलेली राहिली. ऑक्टोबरमध्ये माझी साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालायला गेले तर पाच मिनिटांत कंटाळा. मग एका सकाळी मी त्या सायकलचं कुलूप काढलं.

आपल्याकडची थंडी म्हणजे काय, तर पंखा पाचवरून दोनवर येतो. स्वेटर कपाटातून निघतो, खुर्चीच्या पाठीवर चार दिवस बसतो आणि परत जातो. यंदा तेवढीही नव्हती. पण पहाटे साडेसहाला मानपाड्यावरून निघून काटई, खोणी मागे टाकून नेवाळीच्या बाजूला वळलं, की कारखान्यांचा वास मागे राहायचा आणि कोपरांना गार हवा लागायची. समोर मलंगगड. त्याच्या पायथ्याशी लहान लहान टेकाडं, मधून मुरमाच्या वाटा. पहिल्यांदा त्या वाटेवर सायकल घातली तेव्हा टायरखालून कुरकुर असा आवाज आला, शिळी भाकरी मोडल्यासारखा. मी थांबले, मागे गेले आणि तो आवाज परत ऐकायला त्याच वाटेवरून पुन्हा आले. इतकं बरं वाटलेलं.

तिथेच सायकलवाली मंडळी भेटली. दर रविवारी एका चहाच्या टपरीपाशी जमायची. सगळ्यांचा म्होरक्या एक काका, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारे, निवृत्त इंजिनिअर. गाडीच्या मागे सायकल अडकवून यायचे. स्वतः फार चालवायचे नाहीत, पण शर्यत लावायचे. आदल्या संध्याकाळी येऊन वाटेतल्या वळणांवर झुडपांना लाल फिती बांधायचे. सकाळी शिट्टी मारायचे, घड्याळ लावायचे आणि लांबट वहीत वेळा टिपायचे. जो पहिला येईल त्याला एक नारळ, आणि वहीत त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. बस. एवढ्यासाठी माणसं ठाण्याहून यायची.

नाव बहुतेक वेळा एकाच माणसाचं असायचं. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. घोडबंदरच्या तीस-तीस मजली इमारतींच्या लिफ्टा त्याच्याकडे. राहायला टिटवाळ्याला, आणि तिथून सायकल चालवतच यायचा. आम्ही दमायला सुरुवात करायच्या आधी त्याचे वीसेक किलोमीटर झालेले असायचे. बोलायचा कमी. मला एवढंच म्हणालेला, "ताई, गिअर चढाच्या आधी टाकायचा. चढ आल्यावर नाही."

मी शेवटची यायचे आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. हे खरंच सांगते. पुढची मंडळी वळणापलीकडे दिसेनाशी झाली की टेकडी माझ्या एकटीची व्हायची. घाम यायचा, वाऱ्याने सुकायचा. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत इतरांच्या फासळ्या बघणाऱ्या बाईला स्वतःची छाती आतून धडधडताना ऐकू येणं हेच मोठं होतं.

त्या रविवारी वाट नवीन होती. काकांनी सुरुवातीला जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावून सांगितली. मी हातमोज्याचं वेल्क्रो बसवत होते. वाट समजून घ्यायची मला कधी गरजच पडली नव्हती, कारण पुढे दहा माणसं असायची आणि जागोजागी लाल फिती.

शिट्टी झाली. पहिल्याच चढावर माझी चेन उतरली. ती बसवेपर्यंत हात काळे झाले आणि मंडळी दिसेनाशी झाली. मग मी आपली माझ्या तालात निघाले. टेकडीच्या सपाटीवर कातळ लागला. तिथे दोन वाटा फुटत होत्या, एक सरळ रुंद आणि एक उजवीकडे बारीक. फीत कुठे दिसेना. थोड्या अंतरावर एक बाई गवताचा भारा बांधत होती.

मी ओरडून विचारलं, "मावशी, सायकलवाले गेले का पुढे?"

"गेली समदी! कवाच गेली!" ती म्हणाली, आणि हात असा हवेत फिरवला, की त्यातून कुठलीही दिशा निघावी.

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि सरळ गेले. पुढे मोठा उतार होता. त्या दिवशी मला काय झालं होतं कोण जाणे, मी ब्रेकला हातच लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येत होतं. उतार संपल्यावरही पाय थांबेनात.

टपरीपाशी पोचले तर काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि पेपर खाली पडला.

"आपण?" ते म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. एकही सायकल नव्हती. "सगळे गेले घरी?" मी विचारलं. मला वाटलं आज फारच उशीर झाला.

"अहो, अजून कोणी आलंच नाही."

मला ते वाक्य कळायला वेळ लागला. काका घड्याळाकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, मग परत घड्याळाकडे. मी सायकलसकट टपरीच्या बाकड्यावर टेकले. मी ताबडतोब नवऱ्याला फोन लावला. "अहो, मी पहिली आले," एवढं म्हणाले आणि मला रडूच फुटलं. तिकडून तो घाबरून विचारतोय, "कुठे लागलं? कुठे पडलीस?"

मी फोनवर असतानाच लिफ्टवाला उतारावरून आला. मला बघून त्याने इतक्या जोरात ब्रेक दाबला की मागचं चाक आडवं झालं. तो तसाच एक पाय जमिनीवर टेकवून उभा राहिला. त्याने मागे वळून टेकडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग काकांकडे. आणि मग त्याने सायकल खाली ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागला. पाठोपाठ एकेक जण येत गेला, प्रत्येकाचं तोंड उघडं पडत गेलं, आणि टाळ्या वाढत गेल्या.

मी वहीत नाव लिहिलं. हात काळे होते, त्यामुळे पानावर अंगठ्याचा डाग पडला.

घरी आले तर नवऱ्याने दार उघडलं आणि नारळाकडे बघत उभा राहिला. "सगळ्यांत?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं. हो म्हटल्यावर तो चप्पल घालून खाली गेला आणि पेढे घेऊन आला. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण त्याने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. सोमवारी क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी पेशंटसमोर माझा हात हातात घेऊन हलवला. गुरुवारी सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिथे बायकांनी मला शाल घातली आणि दोन शब्द बोलायला लावले. मी जन्मात माईक धरला नव्हता. मी बोलले, आणि चांगलं बोलले. "आपण मागे आहोत हे आपण स्वतःच ठरवलेलं असतं," असं काहीतरी मी म्हणाले. तळमजल्यावरच्या वहिनींनी डोळे पुसले.

ते वाक्य आजही आठवलं की मला जमिनीत शिरावंसं वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी सायकल चालवायला लागले हे कळल्यावर तिने मला तिचं ते फोनमधलं ॲपही लावून दिलं होतं, आपण कुठून कुठे गेलो त्याची रेघ काढणारं. ती म्हणाली, "आई, तुझी त्या दिवशीची रेघ बघतेय. बाकीच्यांचीपण दिसते इथे. पण मला एक सांग, तू तळ्याला वळसा घातलास ना?"

"कुठलं तळं?"

तिने मला एक चित्र पाठवलं.

"अगं, सगळ्यांच्या रेघेला उजवीकडे एक पोट आलंय. तळ्याभोवतीचं. तुझी रेघ सरळच आहे. चार किलोमीटर कमी आहेत तुझे."

मी फोन कानापासून काढून तिने पाठवलेलं चित्र पाहिलं. दोन रेघा शेजारी-शेजारी. माझं आयुष्य दोन चित्रं शेजारी ठेवून बघण्यात गेलंय, यातलं काय चुकलंय हे मला सेकंदात दिसतं. दिसलं. ओट्यावर दूध ठेवलेलं होतं, ते उतू जाताना मला दिसत होतं आणि गॅस बंद करायला हात जात नव्हता.

"आई? आई, आहेस ना? अगं, मुद्दाम थोडंच केलंस तू," मुलगी म्हणत होती.

नवऱ्याला सांगितलं. त्याने चित्र मोठं करून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कोणाला कळलंय का?"

"नाही."

"मग राहू दे ना. आता शालही घातली त्यांनी."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात एक खिळा इकडचा तिकडे झाला तरी रजिस्टर पुन्हा तपासणारा हा माणूस. त्यालाही बहुधा स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं, कारण तो उठून ओटा पुसायला लागला.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. मंडळी जमली, चहा आला, आणि मी उभी राहिले. शाळेत गृहपाठ विसरल्यावर उभी राहायचे तशी. म्हणाले, "मला एक सांगायचंय. मागच्या रविवारी मी तळ्याला वळसा घातलाच नाही. मला कळलं नव्हतं. परवा कळलं. माझा नंबर खोटा आहे."

मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, काय सांगता! कोणीच म्हणालं नाही. सगळे आपापल्या ग्लासात बघत होते.

शेवटी लिफ्टवाला म्हणाला, "ताई, आम्हाला माहितीये."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

"सगळ्यांना?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

रेघेचं चित्र बघून जो धक्का बसला होता तो याच्यापुढे काहीच नव्हता. टाळ्या वाजवणारे ते दहा जण माझ्या डोळ्यांपुढे एकेक करून परत उतारावरून खाली आले. दहाच्या दहा जणांना माहीत होतं. मी रडत होते, वहीत नाव लिहीत होते, आणि दहा जण गोड तोंड करून उभे होते.

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. "मी आठवडाभर गावभर नाचले! शाल घालून घेतली! लहान पोराला खोटं खोटं जिंकवतात तसं केलंत तुम्ही!"

"तसं नाही हो..." काका म्हणाले. "चूक माझी. घड्याळ बघताक्षणी माझ्या लक्षात आलं होतं. मी शिट्टी मारून तिथेच सांगायला हवं होतं."

लिफ्टवाला म्हणाला, "मी सांगतो ताई. मी पूर्ण टाइम पुढे होतो. मागे कोणी नव्हतंच. उतरून बघतो तर तुम्ही उभ्या. आईशपथ, मला वाटलं मी चक्कर येऊन पडलोय आणि हे स्वप्न आहे. मग समजलं. मी बोलणारच होतो. पण तुम्ही फोनवर रडत होता. त्या टायमाला कसं बोलू? आणि नंतर बोलायचं राहून गेलं."

"तुझा नंबर गेला त्यात."

"माझं काय! मी घरी सांगितलं आज हरलो. बायको म्हणाली, बरं झालं, आता दर रविवारी धावायला नको, लवकर घरी ये." तो थोडा हसला, मग मी हसत नाही बघून थांबला. "पण तुम्ही बोललात ते बरोबर आहे. तुमच्या जागी आमच्यातला दुसरा कोण असता ना, तर मी जागच्या जागी भांडलो असतो. तुमच्याशी नाही भांडलो. ते चुकलंच."

हे ऐकल्यावर मला पुढे ओरडता येईना. मी काकांकडे वही मागितली. डाग पडलेल्या पानावरचं माझं नाव खोडलं आणि लिफ्टवाल्यापुढे वही धरली. त्याने आढेवेढे घेतले, पण लिहिलं.

मग प्रश्न उरला, की फीत गेली कुठे. काका शपथेवर सांगत होते, की त्या फाट्यावर त्यांनी स्वतः दोन फिती बांधल्या होत्या आणि बाकी दहाही जणांनी त्या पाहिल्या होत्या. म्हणून शर्यतीआधी मी, काका आणि लिफ्टवाला तिथवर गेलो. कातळाच्या खालच्या अंगाला वालाचं लहानसं शेत होतं आणि त्याच्या कुंपणावर दोन लाल फिती वाऱ्यावर फडफडत होत्या. शेतात तीच बाई.

"तुमच्या व्हत्या?" तिने सरळ विचारलं. "पाखरां लय खातान वाल. म्हनून बांदल्या. समदी गेली तवा मना वाटला झाली तुमची शर्यत, म्हनून सोडल्या."

म्हणजे दहा जण गेल्यावर आणखी कोणी यायचं उरलं असेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. मी इतकी मागे होते, की माझ्या वाटेची खूण माझ्या आधी कोणीतरी सोडून नेली होती. मी तिला विचारलं तेव्हा ती भाऱ्याला गाठ मारत होती, आणि फिती तिच्या कमरेला खोचलेल्या असणार.

काका काहीतरी बोलणार होते, इतक्यात ती माझ्याकडे निरखून बघायला लागली. "तूच ना ती? पानी पीत गेलीस ती? मी बगत व्हते वरशी. जाम जोरान उतरलीस. मागं कोन नाय, पुढं कोन नाय, तरी कशाला गो येवडी पलत व्हतीस?"

त्या आठवड्यात माझ्याबद्दल बोललेलं, खरं असलेलं, हे एकच वाक्य होतं. काकांनी फिती तिच्याकडेच राहू दिल्या आणि फाट्यावर चुन्याने मोठा बाण काढला.

संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. काय झालं, कसं चुकलं, शाल परत करते. पाठवल्यावर फोन उलटा ठेवला आणि देवासमोर बसावं तशी सोफ्यावर बसून राहिले. दहा मिनिटांनी बघते तर चार अंगठे, दोन फुलांचे गुच्छ, आणि सेक्रेटरींचं "पुन्हा एकदा हार्दिक अभिनंदन". कोणी वाचलंच नव्हतं. फक्त तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "शाल राहू दे. पण तू ते माईकवर जे बोललीस ना, ते माझ्या भाचीला पाठवलंय मी. आता काय करू?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि कोण आधी हसलं ते आठवत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवा टिकली. मी प्रत्येक रविवारी गेले. सुरुवातीला काका रेघा ओढायला लागले की सगळ्यांत पुढे मी उकिडवी बसायचे आणि दोनदा विचारून घ्यायचे. लिफ्टवाल्याने एकदा मला चढावर गाठून, "ताई, साइड द्या!" असं काही खेकसून सांगितलं, की मी दचकून गवतात गेले. नंतर त्याने माफी मागितली नाही, आणि मीही ती मागू दिली नसती.

शेवटच्या शर्यतीत मी सातवी आले. तळ्याचा पूर्ण वळसा घालून, अकरा जणांत, खरीखुरी सातवी. सगळ्यांनी पाठ थोपटली. मी पाणी प्यायले, हेल्मेट काढलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला अजिबात आनंद झालेला नाही. माझ्यापुढे सहावा आलेला एक पोटसुटा बँकवाला टपरीवर वडापाव खात उभा होता. त्याने मला शेवटच्या बांधावर, अगदी दहा हातांवर, मागे टाकलं होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती. पाच रविवार शेवटची येऊन खुशीत घरी जाणारी मी, मला स्वतःचीच भीती वाटली.

तो हसून म्हणाला, "या ताई, वडापाव घ्या."

"नको," मी म्हणाले. "त्या बांधावर तुम्ही कुठल्या गिअरवर होतात?"